पैलवान गेल्यानंतर

सप्टेंबर २०११ मधली एक सकाळ मला अजून स्वच्छ आठवते. रात्री पाऊस पडून गेला होता. बीडच्या बस-स्थानकाजवळच्या एका हॉटेलात मी शाळेत जाण्यापूर्वी चहा घ्यावयास बसलो होतो. शेजारच्या बाकावर तिघे जण होते. एक पाटोद्याकडचा फेटेवाला म्हातारा, दुसरे एस. टी. तून निवृत्त झालेले कंडक्टर आणि तिसरा मोंढ्यातला हमाल. मध्ये वर्तमानपत्र पसरलेले. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार पुण्यात वारले, ही बातमी त्यात होती. कंडक्टर मोठ्याने वाचीत होते. दोन परिच्छेद वाचून झाले, तिसऱ्याच्या मध्यावर ते थांबले, पेपराची घडी केली आणि तिच्यावर चहाचा पेला ठेवला. कोणी त्यांना पुढे वाचा म्हणाले नाही.

मग म्हातारा उठला. त्याने हमालाचे मनगट धरले.

"उभा ऱ्हा. हां. आता तू सतपाल."

"मी कशाला सतपाल? मी बिराजदार हुतो की."

"तुझ्या अंगात हाय का बिराजदार? मुकाट उभा ऱ्हा. ह्यो बघ हात. आता सुट. सुटून दाव!"

हमाल म्हणजे रोज पाठीवर पोती वाहणारा गडी. त्याला त्या वाळलेल्या हातातून सुटता येईना. गल्ल्यावरच्या मालकाने रेडिओ बारीक केला. दोन कॉलेजची पोरे मोबाइलमधून डोकी वर काढून पाहू लागली. १९७७ साली बेळगावात झालेली ती कुस्ती, पाच मिनिटांपुरती बीडच्या हॉटेलात पुन्हा उभी राहिली. माझा त्या साली जन्मही झालेला नव्हता. पण त्या दिवशी शाळेत पोहोचलो तो जणू मैदानातून उठून आल्यासारखा.

आज चौदा वर्षे होत आली तरी एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्या टेबलावर एकाच माणसाच्या दोन आठवणी होत्या. एक छापलेली होती, ती पेल्याखाली भिजत पडली. दुसरी बोललेली होती, तिने सारे हॉटेल जागे केले. असे का व्हावे? मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. चार कादंबऱ्या लिहिल्या हीच माझी पुंजी. समीक्षेची शास्त्रे मला ठाऊक नाहीत. पण लेखाचे गुणदोष पाहणे म्हणजे जर समीक्षा असेल, तर पैलवान गेल्यानंतर आपण जे लिहितो आणि जे बोलतो, त्याची समीक्षा एकदा तरी व्हावयास हवी. कवितेची होते, नाटकाची होते, मग ह्याचीच का नाही? मराठी मुलुखात कवितेपेक्षा कुस्तीला जमणारी माणसे काही कमी नाहीत.

प्रथम छापलेल्या लेखांकडे पाहू. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे केवढे मल्ल गेले! २०१० मध्ये मारुती माने गेले. २०११ मध्ये बिराजदार. २०१८ मध्ये गणपतराव आंदळकर. २०२० च्या डिसेंबरात, करोनाच्या त्या सुतकी वर्षात, श्रीपती खंचनाळे. १९५९ सालचे ते पहिले हिंदकेसरी. प्रत्येक वेळी मी वर्तमानपत्रे आणि पुढे निघालेल्या स्मरणिका गोळा केल्या. त्या एकाखाली एक ठेवून वाचल्या. वाचकहो, खोटे वाटेल, पण नाव झाकले तर कोणता लेख कोणावरचा हे सांगता येऊ नये, अशी त्यांतल्या बऱ्याच लेखांची अवस्था आहे. तांबडी माती पोरकी होते. कुस्तीचा वटवृक्ष कोसळतो. बुरूज ढासळतो. देह पहाडासारखा असतो, काळीज वाघाचे असते आणि स्वभाव मात्र लोण्याहून मऊ असतो. मग किताबांची यादी येते. मग कोण कोण अंत्यदर्शनाला आले, त्यांची यादी येते. बहुधा ही दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब असते.

यादी वाईट असते असे मी म्हणत नाही. बिराजदारांचीच पाहा. १९५० साली निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड ह्या गावी जन्म. १९६९ मध्ये लातूरला महाराष्ट्र केसरी. १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद. १९७७ मध्ये बेळगावी सतपालवर विजय. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्तादकी. २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्कार. ही यादी खरी आहे आणि मोलाची आहे. पण थोडे थांबून तिच्याकडे पाहिले असते तर तिच्यात केवढी कथा होती! लातूर त्या वेळी स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९८२ साली झाला. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला १९४८ च्या सप्टेंबरात आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत हे मूल जन्मले. कुस्तीची पंढरी कोल्हापूर. त्या पंढरीपासून कितीतरी लांबच्या, कोरडवाहू मुलुखातल्या एका खेड्यातला हा पोरगा आपल्याच भागातल्या मैदानात, एकोणिसाव्या वर्षी सबंध महाराष्ट्राचा केसरी होतो. त्या दिवशी मराठवाड्यातल्या माणसाला काय वाटले असेल? आपल्यालाही कोणी मोजतो, असे वाटले असेल. लेखांत वर्ष आहे, गाव आहे, किताब आहे. हे वाटणे मात्र नाही. आणि माणसे आठवण ठेवतात ती ह्या वाटण्याची.

हा झाला पहिला दोष, विशेषणांचा. तो दाखवताना मला स्वतःला बाजूला ठेवता येणार नाही, कारण हेच पाप माझ्याही हातून घडले आहे.

आमच्या भागात एक पैलवान होते. नाव सांगत नाही. ते जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे कारणही नाही. जत्रांतल्या कुस्त्यांवर त्यांची तरुणपणाची वर्षे गेली. पुढे गुडघा गेला, मग ते ऊसतोडीला टोळीबरोबर जाऊ लागले. आमच्या पाटोदा-शिरूर-आष्टीकडच्या बालाघाटातली माणसे दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, तसेच तेही लागत. ते वारल्यावर गावकऱ्यांनी एक लहानशी स्मरणिका काढली. "मास्तर, तुम्ही लेखक, तुम्हीच लिहा," असे म्हणून मुख्य लेख माझ्याकडे दिला. मी रात्र जागून लिहिला. लोकांनी वाहवा केली. मी एक प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला वाचता येत नव्हते, तेव्हा मीच वाचून दाखवला. बाई पदर डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,

"लई चांगलं लिव्हलंय, मास्तर. ह्यात तुम्ही त्यास्नी हत्ती म्हणलाव, वाघ म्हणलाव, डोंगर म्हणलाव. मानूस कुठं म्हणलाव ते घावलं न्हाई मला."

त्यांनी हे रागाने म्हटले नाही. त्या खरोखरच शोधत होत्या. मी वरमून गप्प बसलो. थोड्या वेळाने त्याच बोलू लागल्या. त्यांचे कान मोडलेले होते, त्यामुळे थंडीत मफलर बांधला की कानांना कळ लागायची. भाकरी मोडताना ते आधी दोन्ही हातांनी चाचपायचे, कारण उजव्या हाताची दोन बोटे वळत नसत. कुस्ती हरून आले की बोलत नसत, पण त्या दिवशी गोठ्यातल्या म्हशीला स्वतः धुवायचे. "म्हस धुतली की मी वळकायची, आज पाठ लागली." वाचकहो, मी चार कादंबऱ्यांचा लेखक, पण म्हैस धुतली जाताना पाहून नवऱ्याचा पराभव ओळखणारी बाई माझ्या एकाही पुस्तकात नव्हती. आणि ती जिथे असावयास हवी होती, त्या लेखात मी तिच्या नवऱ्याला वाघ करून ठेवले होते.

विशेषण हे बहुधा अज्ञानावर घातलेले पांघरूण असते. ज्याने मल्लाला पाहिले नाही त्याला वाघ आठवतो. ज्याने पाहिले त्याला म्हैस आठवते.

दुसरा दोष विशेषणांपेक्षा सभ्य दिसतो, म्हणून तो अधिक घातक आहे. तो म्हणजे कीव. खाशाबा जाधवांच्या आठवणींत तो फार आढळतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या ह्या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांना परदेशी पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असे सांगतात. पुढे १९५५ मध्ये पोलीस खात्यात नोकरी, मग दीर्घ उपेक्षा आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. २०१० मध्ये दिल्लीच्या कुस्ती-स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. आता महाराष्ट्रात त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन साजरा होतो.

उपेक्षा झाली हे खरे आणि ते सांगितलेच पाहिजे. ज्यांनी ते वर्षानुवर्षे सांगितले, त्यांच्यामुळेच हे उशिराचे मान आले. त्यांचे ऋण मी मानतो. पण मी माझ्या वर्गातल्या मुलांना विचारतो, तेव्हा त्यांना बैलगाड्यांची संख्या येते, गहाण पडलेले घर येते, अपघात येतो. हेलसिंकीत खाशाबा कोणाशी लढले, हे एकालाही येत नाही. त्यांनी कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा असे तीन मल्ल पाडले. जपानच्या इशीशी त्यांची दीर्घ लढत झाली. ती ते हरले आणि तो इशीच पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. रशियाच्या ममदबेकोवशीही हार झाली. मधल्या विश्रांतीचा हक्क मागावयास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे आजही जाणकार हळहळून सांगतात. ढाक हा खाशाबांचा आवडता डाव. मान बगलेत धरून, कमरेचा हिसका देऊन समोरच्याला उलटा भिरकावून द्यावयाचा. अंगाने लहान, पण विलक्षण चपळ असा हा गडी. हे सारे त्यांच्या आठवणींच्या मध्यभागी असावयास हवे. आपण मध्यभागी बसविले आहे ते त्यांचे दुर्दैव. मरणोत्तर का होईना, त्यांच्या हातून त्यांची कुस्ती आपण काढून घेतली आणि तेथे आपली हळहळ ठेवली. अशी हळहळ वाचणाऱ्याला बरे वाटते. डोळे पाणावले की आपले देणे फिटले, असा भास होतो. पण ज्याची कीव येते त्याचा आदर हळूहळू कमी होत जातो, हे आपण घरातल्या म्हाताऱ्यांवरूनही ओळखावे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण दारासिंगांचे. २०१२ च्या जुलैमध्ये ते गेले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायाबापड्यांनी हळहळून म्हटले, "मारुती गेला गं!" दूरदर्शनच्या रामायणात त्यांनी हनुमान केला होता, तो लोकांच्या मनात एवढा बसला की त्याच्या मागे सारी फ्रीस्टाइल कुस्ती, तिच्यावरून झालेले वाद, ती खरी की लुटुपुटीची ह्यावरचे पैजांचे वाद, सगळे दिसेनासे झाले. एकाची कुस्ती त्याच्या दैन्याने झाकली, दुसऱ्याची त्याच्या देवत्वाने. परिणाम एकच.

आता बोललेल्या आठवणीकडे वळतो. त्या हॉटेलातल्या म्हाताऱ्याला विशेषणे का लागली नाहीत? कारण त्याच्याजवळ क्रियापदे होती. 'धरला', 'ओढला', 'सरकला', 'दम घेतला', 'पाय रोवला'. कुस्तीच्या शौकिनाची सारी भाषा क्रियेची भाषा आहे. पट काढतात, घिस्सा ओढतात, मोळी बांधतात, कलाजंग मारतात, अस्मान दाखवितात. नुसते नाव घेतले तरी अंग हलते. आणि बोलताना जिथे शब्द थकतो तेथे तो हात पुढे करतो. हे छापील लेखाला जमणार नाही हे कबूल; परंतु आपल्या लेखकांनी त्या भाषेतले चार शब्द तरी उचलावेत की नाही? हलगीचा ठेका, मातीत कालवलेल्या ताकाचा, तेलाचा आणि लिंबाचा वास, शड्डूचा आवाज, खडाखडी चालू असताना हजारो माणसांनी एकदम धरलेला श्वास, हे सगळे ज्याच्या कानाडोळ्यांत आहे, तो माणूस 'बुरूज ढासळला' असे लिहीलच कसा?

बोललेल्या आठवणीचा दुसरा गुण मला फार मोलाचा वाटतो. तिच्यात पाठभेद असतात. बिराजदार-सतपाल कुस्ती मी आजवर निदान दहा जणांच्या तोंडून ऐकली आहे. कोणी म्हणतो फार वेळ चालली, कोणी म्हणतो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल. डावाच्या नावावरून तर भांडणे होतात. सगळे 'मी समोर बसलो होतो' असे शपथेवर सांगतात. सर्वांच्या शपथा खऱ्या मानल्या तर बेळगावचे मैदान बीड जिल्ह्याएवढे मोठे असले पाहिजे! पण मी त्यांना खोटे म्हणत नाही. एकाच अभंगाचे दोन गावांत दोन पाठ असतात, एकाच ओवीतला शब्द आईच्या जात्यावर एक आणि मावशीच्या जात्यावर दुसरा असतो. तेव्हा आपण असे समजतो की ही रचना जिवंत आहे, लोकांच्या तोंडी आहे. कुस्तीचेही तसेच. म्हाताऱ्याने सांगितलेल्या पाठात मराठवाड्याचा गडी दिल्लीच्या मल्लाला पाडतो. कंडक्टरांच्या पाठात एक सोशिक माणूस संधीची वाट पाहतो. हमालाच्या पाठात ज्याच्यावर कोणी पैसा लावला नाही तो जिंकतो. जो तो आपली हकिकत तिच्यात घालतो. पैलवान एक, पण त्याच्या विजयाचे वाटेकरी इतके.

तरीही, निष्पक्षपणे पाहावयाचे तर ह्या बोललेल्या आठवणींचेही दोष सांगितले पाहिजेत. ती खुराकाची मापे वाढवते. दुधाच्या चरव्या आणि बदामांचे शेर दर पिढीला दुप्पट होतात. ती आपल्या पैलवानाचे पराभव गिळते. 'आताच्या पोरांत दम नाही' हे तिचे पालुपद. जणू दम हा एका सालापर्यंतच पिकत होता. आणि तिचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तिच्यात बाई नाही. मैदानात बायकांना जागा नव्हती, म्हणून आठवणीतही नाही. भल्या पहाटे उठून थंडाईला बदाम कोणी घोटले, अंग कोणी चोळले, मोडलेल्या हाडाला शेक कोणी दिला, इनामाचा फेटा कोणत्या पेटीत जपून ठेवला, हे हॉटेलातल्या बाकावर कधी ऐकू येत नाही. आता मुलीही लंगोटाच्या जागी कुस्तीचा पोशाख घालून तालमीत उतरू लागल्या आहेत, तेव्हा पुढच्या पिढीच्या आठवणी तरी ह्याहून पुऱ्या असतील, अशी आशा वाटते.

मग मल्लाची आठवण लिहावी कशी? ह्याचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. आमच्या शाळेच्या जुन्या कपाटात एक इंग्रजी निबंधांचे पुस्तक होते. शब्दकोश हाती घेऊन मी त्यातला एक निबंध महिनाभर वाचला. लेखक हॅझलिट. निबंधाचे नाव 'भारतीय जादूगार' अशा अर्थाचे. लंडनमध्ये आपल्याकडच्या डोंबाऱ्याचे गोळे झेलण्याचे कसब पाहून तो विचार करू लागतो की, आपल्या लिहिण्यात इतकी अचूकता कधी येते का? आणि त्या निबंधाच्या शेवटी त्याने एका खेळाडूचा मृत्युलेख जोडला आहे. जॉन कॅव्हानाह हे त्याचे नाव. तो भिंतीवर हाताने चेंडू मारण्याचा एक खेळ खेळे आणि पोटासाठी घरे रंगवी. १८१९ साली तो वारला. त्या काळी असल्या माणसावर कोण लिहिणार? पण हॅझलिटने लिहिले. हा रंगारी चेंडू कसा मारी, नजर कशी ठेवी, कधी घाई करी आणि कधी करीत नसे, हे त्याने एखाद्या महाकवीची शैली उकलून दाखवावी तसे सांगितले. इतकेच नव्हे, तर त्या काळच्या बड्या कवींच्या आणि पुढाऱ्यांच्या ढिल्या फटक्यांशी त्याच्या फटक्यांची तुलना करून त्यांची फजितीही केली. आणि शेवटी? शेवटी स्तुती नाही. हा कॅव्हानाह पक्का कॅथलिक. शुक्रवारी कोणी कितीही आग्रह केला तरी मांसाला शिवत नसे, आणि तो मेला तोही शुक्रवारीच. एवढेच. मला एकदम ती म्हैस आठवली.

हॅझलिटने त्या माणसाला वाघ केले नाही, त्याची कीव केली नाही, त्याला देव केले नाही. त्याने त्याचे काम नीट पाहिले आणि एक खरी सवय नोंदवली. दोनशे वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, एका तालुकेवजा शाळेतल्या मास्तराला तो रंगारी ओळखीचा वाटतो, तो ह्यामुळे. मल्लाच्या आठवणीची कसोटी मला तरी हीच दिसते. वाचून झाल्यावर तो खेळताना दिसला पाहिजे आणि जेवताना दिसला पाहिजे. दोहोंपैकी एक नसेल तर लेख अपुरा समजावा.

अर्थात लेखणीला किंवा जिभेला जमणार नाही अशी एक तिसरी आठवण असते आणि ती आमच्याच जिल्ह्याने पाहिली आहे. पाटोद्याचा राहुल आवारे हा पैलवान बापाचा मुलगा. लहानपणी वडिलांनी मातीत उतरवला आणि पुढे तो पुण्याला बिराजदारांच्या हाताखाली गेला. वस्ताद वारले तेव्हा तो ऐन उमेदीत होता. त्यानंतर बिराजदारांचेच शिष्य काका पवार यांनी त्याला घडविले. २०१८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ असे हरविले आणि ते सुवर्णपदक आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. दुसऱ्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदकही आणले.

त्या दिवशी मी पुन्हा त्या हॉटेलात गेलो. म्हातारा आता फारसा बाहेर पडत नव्हता, पण कंडक्टर होते. मोबाइलवर ती लढत लोक पुन्हापुन्हा लावून पाहत होते. गुण, मिनिटे, सेकंद सगळे पडद्यावर होते. ह्या कुस्तीला पाठभेद उरणार नाहीत, असे मला क्षणभर वाटून गेले. तेवढ्यात कंडक्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले,

"थांबीव! हे बघा मास्तर. पाय कसा टाकला त्यानं. ही वस्तादाची शिकवण हाय. बिराजदार हाईत हे."

पडद्यावर बिराजदार कुठेच नव्हते. त्यांना जाऊन साडेसहा वर्षे झाली होती. पण त्या पावलात ते कंडक्टरांना दिसले. मी काही कुस्तीतला जाणकार नव्हे. ते पाऊल खरोखरच वस्तादांचे होते की काय, हे मी सांगू शकत नाही. मात्र एवढे कळले की चित्रफीत कितीही स्पष्ट असली तरी तिच्यात काय पाहावयाचे, हे सांगणारे माणूस लागतेच. तो जाणता शौकीन गेला की पडदा राहील, गुण राहतील, पण पाऊल कोणाचे ते कळणार नाही. समीक्षकाचे काम ह्याहून वेगळे ते काय असते?

म्हणून मला धास्ती वाटते ती मल्लांच्या मरणाची नव्हे. त्यांना आज ना उद्या कोणी तरी फलक लावीलच. धास्ती वाटते ती त्यांना पाहिलेल्या माणसांच्या मरणाची. तो फेटेवाला म्हातारा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याच्यावर दोन ओळीही कोठे आल्या नाहीत. त्याच्याबरोबर बेळगावच्या कुस्तीचा एक पाठ गेला, जो मी ऐकला होता आणि, लेखक म्हणवून घेत असूनही, त्या दिवशी घरी येऊन लिहून ठेवला नव्हता. मैदानातली माती दर वर्षी नवी टाकतात. तिच्यावर कोणाची पाठ लागली होती हे मातीला विचारून सांगता येत नाही.

त्या स्मरणिकेतला लेख मी पुन्हा लिहिला. ह्या खेपेस त्यात वाघ नाही. मोडलेले कान आहेत, न वळणारी दोन बोटे आहेत, कोयता आहे, आणि ते एकचाक कसे लावीत हे त्यांच्याबरोबर मेहनत केलेल्या दोघांना विचारून लिहिलेले आहे. ते किती वेळा हरले तेही आहे. गेल्या दिवाळीत, टोळ्या निघण्याच्या आधी, मी तो घेऊन त्या बाईंकडे गेलो. अंगणात नातू आंघोळीला बसला होता आणि त्या त्याला तेल चोळीत होत्या. मी उंबऱ्याशी बसून वाचला. म्हशीच्या जागी आलो तेव्हा त्यांचा हात थांबला. लेख संपल्यावर त्यांनी चांगला म्हटले नाही, वाईटही म्हटले नाही. नातवाच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या,

"ऐकलंस का रं? असा हुता तुझा आज्जा."

मग मला फराळाचे ताट आणून दिले आणि पहिल्या लेखात नसलेल्या आणखी तीन गोष्टी सांगितल्या. ह्या वेळी मी वही बरोबर नेली होती.